वाचक विचारतात : काचबिंदूचा रोजचा त्रास मोजायचा कसा?

प्रश्न : आईला (वय ६८) काचबिंदू आहे. या वेळी तपासणीला गेलो तेव्हा तिच्याकडून पंधरा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. दोन प्रश्नांपुढे ० आहे, खाली बेरीज ३९. हे किती पैकी समजायचं? बरं की वाईट? – एक वाचक, सांगली

उत्तर : वर्णनावरून हा ‘जीक्यूएल-१५’ नावाचा कागद दिसतो. खास काचबिंदूसाठीच तो तयार केलेला आहे. इथे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, हे आधी डोक्यात पक्कं करा. प्रत्येक कामाला १ ते ५ गुण असतात. १ म्हणजे काहीच अडचण नाही, ५ म्हणजे फार अडचण. पंधराही कामांना गुण पडले तर बेरीज १५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी येते.

घोळ होतो तो शून्याचा. शून्य म्हणजे त्रास नाही, असं नव्हे. ‘डोळ्यांशी संबंध नसलेल्या कारणामुळे मी हे काम करतच नाही’ असा त्याचा अर्थ. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, वाचायलाच येत नाही म्हणून पेपर हातात घेत नाही, तिथे शून्य. त्यामुळे आईंची बेरीज १५ ने नव्हे, १३ ने भागा. ३९ भागिले १३, म्हणजे सरासरी ३. पंधराने भागलं तर २.६ येईल आणि त्रास उगाचच कमी दिसेल.

याच्या उलट चूकही होते. ‘अंधारात दिसत नाही म्हणून संध्याकाळनंतर बाहेर पडणंच सोडलं’ असं कुणी सांगितलं, तर तिथे शून्य नाही, ५ हवेत. ते दोन शून्य का पडले, हे आईंना घरी निवांत विचारा.

पास-नापासाची रेषा या कागदावर नाही. बेरजेपेक्षा ४ आणि ५ कुठल्या ओळींपुढे आहेत, ते पाहा. यातले बहुतेक प्रश्न अंधार, चकाकी, बाजूने येणाऱ्या वस्तू आणि पायाखालची वाट यांचे आहेत. वाचन आणि चेहरे ओळखणं, हे मधल्या नजरेचे प्रश्न दोनच. अंधार-चकाकीच्या ओळी जड असतील तर सोबत मोतीबिंदू वाढलाय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण तो त्रास काढता येतो. पायरी, ठेच, पडलेली वस्तू शोधणं या ओळी जड असतील तर घरात लगेच करण्यासारखं बरंच आहे : पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, उंबऱ्याशी दिवा, आणि सरकणारं पायपुसणं कायमचं बाद.

पुढच्या वेळी तोच कागद, शक्यतो त्याच व्यक्तीने, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालण्याआधी भरून घ्यावा. नाहीतर दोन बेरजांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

प्रश्न : वडिलांच्या उजव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टमध्ये ‘एमडी’ उणे १४ आलं. डॉक्टर म्हणतात, आजार बराच पुढे गेलाय. वडील म्हणतात, मला काही त्रास नाही. खरं कोणाचं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघांचंही. फील्ड टेस्ट म्हणजे समोर पाहताना आजूबाजूचं किती दिसतं, याची चाचणी. त्या वयाच्या निरोगी डोळ्यापेक्षा हे दिसणं सरासरी किती कमी, त्याचा डेसिबलमधला आकडा म्हणजे ‘एमडी’. नेहमीच्या वर्गवारीत उणे ६ डेसिबलपर्यंत सुरुवातीचा, उणे ६ ते उणे १२ मध्यम आणि त्यापलीकडे तीव्र काचबिंदू धरतात. पण ती चाचणी एकेक डोळा झाकून होते आणि माणूस वावरतो दोन्ही डोळे उघडे ठेवून. उजव्या डोळ्याची वरची बाजू गेली असेल आणि डाव्याची शाबूत असेल, तर डावा ती भरून काढतो. दोन्ही डोळ्यांत एकच जागा गेली की मात्र अडतं. त्यातही खालची बाजू गेली, तर पायरी चुकते, ठेच लागते, माणूस पडतो. म्हणून डाव्या डोळ्याचा कागदही काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

दुसरं कारण म्हणजे काचबिंदूत ‘काळा बोगदा’ दिसतो, ही चित्रांतून पसरलेली समजूत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा काळा बोगदा किंवा काळे डाग असलेलं चित्र एकानेही निवडलं नाही. अनेकांनी काही भाग धूसर असलेलं चित्र निवडलं, काहींना तर फरकच जाणवत नव्हता. न दिसणाऱ्या जागी मेंदू आजूबाजूचंच चित्र भरतो. मग तक्रार करायची तरी कशाची?

म्हणून ‘बाबा, दिसतंय ना?’ असं विचारू नका, उत्तर ‘दिसतंय की’ असंच येणार. काम धरून विचारा, आणि बघा. उन्हातून घरात आल्यावर दाराशी किती वेळ थांबतात? जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतात का? खाली पडलेलं नाणं बघून उचलतात की हात फिरवत शोधतात? ताटात डावीकडची चटणी रोज तशीच राहते का? आठवडाभर असं पाहिलंत, तर दवाखान्यात सांगण्यासारखं बरंच जमेल. रस्ता ओलांडायची ‘परीक्षा’ मात्र घेऊ नका.

प्रश्न : मी ऑप्टोमेट्रीची विद्यार्थिनी. काचबिंदूच्या रुग्णांच्या जीवनमानावर प्रकल्प करायचा आहे. प्रश्नावली कुठली घ्यावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी प्रश्न ठरवा, मग कागद. ‘ईक्यू-५डी’ सगळ्या आजारांना चालते, खर्चाच्या हिशेबाला लागते. पण तिचे पाच विषय म्हणजे चालणं-फिरणं, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी. नजरेचा थेट प्रश्न एकही नाही. ब्रिटनमध्ये ‘लाइट’ नावाच्या उपचार-अभ्यासात ७१८ नव्या रुग्णांत आधी लेझर की आधी थेंब, याची तुलना मुख्यतः याच मापावर केली. तीन वर्षांनी आकडे ०.८९ आणि ०.९० आले (१ म्हणजे पूर्ण चांगली तब्येत), म्हणजे फरक नाहीच. पण लेझरवाल्यांपैकी सुमारे ७४ टक्के तोवर थेंबांशिवाय होते, आणि ही गोष्ट त्या आकड्यांत कुठेच उमटत नाही. सौम्य आजारात अशी मापं वरच्या टोकाला चिकटतात, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच चांगले गुण पडतात. त्या संशोधकांनी काचबिंदूच्या खास प्रश्नावल्याही सोबत ठेवल्या होत्या, तुम्हीही ठेवा.

‘व्हीएफक्यू-२५’ या नजरेच्या प्रश्नावलीत ० ते १०० गुण असतात आणि तिथे जास्त म्हणजे चांगलं, जीक्यूएलच्या बरोबर उलट. एकाच तक्त्यात दोन्ही मांडताना हमखास गल्लत होते. तिच्यातले गाडी चालवण्याचे प्रश्न, कधीच गाडी न चालवलेल्या बाईला लागू नाहीत. ती जागा रिकामी ठेवायची, शून्य लिहायचं नाही. भारतीय रुग्णांसाठी तयार झालेली ‘इंड-व्हीएफक्यू-३३’ आमच्या मते जास्त जवळची : २१ प्रश्न कामांचे, ७ लक्षणांचे, ५ मनावरच्या आणि लोकांतल्या परिणामांचे. मात्र ती फक्त काचबिंदूची नाही.

मराठी करताना शब्दाला शब्द ठेवू नका. मूळ प्रश्नात फुटपाथची कड असेल, तर खेड्यातल्या आजींना उंबरा किंवा ओट्याची पायरी विचारावी लागेल. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग पाच-दहा रुग्णांना वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारायचं. आणि मुलाखत मुला-सुनेसमोर नको. त्यांच्यासमोर ‘सगळं ठीक आहे हो’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

प्रश्न : नजर ठीक आहे, पण थेंबांनी डोळे चुरचुरतात. हे कुठे मोजलं जातं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हो. ‘जीएसएस’ या दहा तक्रारींच्या यादीत सहा तक्रारी नजरेच्या नाहीतच : जळजळ, पाणी येणं, कोरडेपणा, खाज, डोळे थकणं, काहीतरी खुपणं. थेंबातलं टिकाऊद्रव्य हे नेहमीचं एक कारण. ते नसलेले थेंबही मिळतात, डॉक्टरांना विचारा. एका वेळी एकच थेंब पुरतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबा, दुसरं औषध पाच मिनिटांनी. मनाने थेंब बंद करू नका.

प्रश्न : जीवनमानाच्या कागदावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. तिथे चष्म्यासह डोळ्यांची नजर आणि दृष्टिक्षेत्र (समोर पाहताना आजूबाजूचं जेवढं दिसतं ते), एवढंच पाहतात. २०१६ च्या कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. तक्त्यावरची अक्षरं नीट वाचता येणारा काचबिंदूचा रुग्णही यात बसू शकतो, म्हणून अर्जासोबत दोन्ही डोळ्यांच्या फील्ड टेस्टचे कागद जोडा.