जानेवारीत छत उघडावं का?

प्रश्न : आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आजेसासऱ्यांच्या काळचं. छत गर्डरवर टाकलेल्या दगडी पटियांचं. थंडी वाढली की पहाटे स्वयंपाकघरात टपटप सुरू होते. ठेकेदार म्हणतो, पटिया काढा, आत्ताच स्लॅब टाकू. काका, काय करावं?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, ठेकेदाराला थोडं थांबवा. पाऊस नाही, वर टाकी-पाइप नसेल, तर पाणी येतं कुठून? मला संशय तुमच्या कुकरचा आहे. रात्रभर कोहऱ्यात गारठलेल्या दगडाला वाफ लागली की तिचं पाणी होतं. छताचा हातभर भाग कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी घट्ट चिकटवा. सकाळी थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर वाफ. प्लास्टिक आणि दगडाच्या मध्ये दिसले तर ओल वरून उतरतेय. वाफ असेल तर एक्झॉस्ट पंखा बसवा, काम संपलं.

ओल निघाली तरी स्लॅब आत्ता नकोच. ५ अंशांखाली सिमेंट फार हळू धरतं आणि आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा सहज तिथवर उतरतो. सध्या गच्चीवरचे फुटके सांधे तेवढे भरून घ्या. तेही ऊन वर आल्यावर, आणि रात्री पोती, वर ताडपत्री. (मिस्त्री सकाळी आठलाच माल कालवायला बसेल, बसू देऊ नका.) स्लॅबचं होळीनंतर बघू.

मात्र गर्डरची टोकं भिंतीत शिरतात तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर होळीची वाट पाहू नका. खाली टेकू लावून घ्या आणि इंजिनिअरला बोलवा.