चौथीतले मुलगे म्हणतात 'मुलींना क्रिकेट येत नाही'. त्यांना कसं समजवावं?

तुमच्या चौथीतले मुलगे मधल्या सुट्टीत मुलींना खेळायला घेत नाहीत, आणि वर 'त्यांना येतच नाही' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका शाळेत, बावीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेते. भाषण तेवढं देऊ नका. 'मुलगा-मुलगी समान' हे वाक्य पोरं परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहितात आणि घंटा झाली की मैदानावर पुन्हा तेच.

आमच्या शाळेत सगळं हिंदीत चालतं. कुणाला चेंडू नीट फेकता आला नाही की टोमणा ठरलेला, 'लड़कियों जैसा फेंकता है!' एक दिवस भिंतीवर खडूनं मोठा गोल काढला आणि सांगितलं, आज डाव्या हातानं नेम मारायचा. डावखुऱ्यांनी उजव्या. वर्गातले नावाजलेले गोलंदाज कोपर अंगाशी धरून, भलताच पाय पुढे टाकून चेंडू ढकलायला लागले. चेंडू चार पावलांवर टप्पकन पडायचा. मुली खो-खो हसल्या. मी विचारलं, "काय रे, हा हात मुलीचा आहे का?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "नाही मॅडम, या हाताला सवय नाहीये." एवढं त्याच्या तोंडून आलं, मी पुढे काही जोडलं नाही.

उरलेल्या तासात सगळ्यांनाच फेकायला शिकवलं. उजव्या हातानं फेकायचं तर डावा पाय पुढे, कोपर मागे, खांदा वळवून. वयात येण्याआधी धावण्यात आणि उडी मारण्यात मुलामुलींत फारसा फरक नसतो. फेकण्यात तो बराच दिसतो, पण त्यात सरावाचा वाटा मोठा. मुलाला दुसऱ्या वाढदिवसाला बॅट-बॉल मिळतो आणि मुलीला भातुकली. हे मात्र पोरांना नाही, पालकसभेत ऐकवायचं.

दुसरी युक्ती आमच्या गावाची आहे. इथल्या पोराला झोपेतून उठवून विचारा, एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कुणाचं? सचिनचं! आपल्या रूपसिंह स्टेडियमवर, २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००. छाती फुगवून सांगतात. मग मी फळ्यावर लिहिते: बेलिंडा क्लार्क, ऑस्ट्रेलिया, नाबाद २२९, डिसेंबर १९९७, महिला विश्वचषक, मुंबई. म्हणजे बारा वर्षं आधी, आणि आपल्याच देशात. वर्गात गोंधळ. एकानं तावातावानं विचारलं, "पण समोर कोण होतं?" डेन्मार्क. "मग काय, कच्ची टीम!" मुद्दा चूक नव्हता, मी तो मान्यही केला. पण प्रश्न असा कुठे होता, की समोर कोण होतं? शेवटी तोडगा त्यांनीच काढला: सचिनच्या आधी 'पुरुषांमध्ये' लिहायचं. त्या शब्दावरून अर्धा तास गेला, गणिताचा तास बुडाला.

मुलग्यांनाही हे जाचतं. एकाला दोरीवरच्या उड्या आवडायच्या, बाकीचे 'बायकी' म्हणून चिडवायचे. मी सांगितलं, बॉक्सर लोक रोज दोरी मारतात. चिडवणं थांबलं, पण नंतर माझं मलाच ते खटकलं. दोरीला आधी मर्दानी ठरवलं, तेव्हा कुठे त्याला ती मारायची मुभा मिळाली! आता कुणी चिडवलं तर एवढंच म्हणते, त्याला आवडतं. बस.

आणि स्वतःकडे कान द्या. 'चार मुलगे या, बाकं उचला' हे मी वर्षानुवर्षं म्हणत होते. तिसरीतल्या एका पोरीनं न विचारता बाक उचललं, तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आलं.

खेळाचं म्हणाल तर 'मुलगे विरुद्ध मुली' असा सामना कधीच लावू नका. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडा. तेवढ्यानं भागत नाही, कारण मग मुलींना सीमारेषेवर उभं करून ठेवतात. म्हणून आमचा नियम असा, की प्रत्येकाला सहा चेंडू खेळायचे आणि सहा टाकायचे, मधे आउट झालं तरी. पंधरा दिवस कुरकुर होते, होऊ द्या. एखादी मुलगी धावफलकच लिहिते म्हणाली तर तिला लिहू द्या, आमच्या एकीला त्यातच गोडी होती.

चेंडू टेनिसचाच ठेवा. कडक चेंडू पहिल्याच आठवड्यात कुणाला लागला तर 'खेळायला पाठवू नका' अशी चिठ्ठी येते, आणि ती, माझ्या अनुभवात, दरवेळी मुलीच्याच घरून आलीये.