केलॉइड, वण आणि खेकड्याची नांगी

प्रश्न असा : ‘कान टोचल्यावर पाळीला जो कडक गोळा येतो, त्या केलॉइडला मराठीत काय म्हणावे? वण म्हटले तर चालेल का?’

निम्मे चालेल. वण हा संस्कृत ‘व्रण’चा प्राकृतातून आलेला धाकटा भाऊ, गर्भिणी-गाभण तशी ही जोडी. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. मराठीत वण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहते ती खूण. (‘मनावरचे व्रण’ लिहिणाऱ्यांनी दोन्हींची सरमिसळ केली, आता ती रूढच झाली आहे.) म्हणजे ‘वण’ म्हटले की काम आटोपले, खूण उरली, असा अर्थ होतो. केलॉइडमध्ये नेमके काम आटोपतच नाही.

जखम झाली की त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणून भगदाड बुजवतात. त्यांना कामाला लावणाऱ्या निरोप्यांपैकी मुख्य म्हणजे टीजीएफ-बीटा हे प्रथिन. एरवी जखम भरली की हा निरोप मंदावतो आणि जादा पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात. केलॉइडमध्ये त्वचेच्या खोल थरातला दाह धुमसत राहतो, निरोप येतच राहतो, पेशी मरायचे नाव घेत नाहीत. कोलॅजनचे जाड जुडगे साचतात आणि गाठ मूळ जखमेची हद्द ओलांडून चांगल्या त्वचेत शिरते. नुसता उंचावलेला वण, ज्याला डॉक्टर हायपरट्रॉफिक म्हणतात, तो जखमेच्या हद्दीतच राहतो. सगळा फरक या हद्दीचा आहे.

मूळ शब्दही याच फरकातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी या गाठींना आधी कर्करोगासारख्या अशा अर्थाचे नाव दिले होते. कर्करोगाशी गल्लत नको म्हणून त्यांनी ते बदलले आणि ग्रीक ‘खेले’, म्हणजे खेकड्याची नांगी, यावरून नवे नाव घडवले. गंमत बघा, कर्क म्हणजेही खेकडाच. खेकडा काही सुटला नाही! पण उपमा अचूक आहे. केलॉइडचा मध्य बहुधा निवलेला असतो, कडा मात्र लालसर आणि चालत्या. छातीवर तर तो त्वचेला ताण बसतो त्या दिशेने आडवा पसरतो, अगदी नांग्या फेकल्यासारखा. पापणीच्या सैल कातडीवर तो सहसा होत नाही.

म्हणून माझे मत : सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना ‘फोफावलेला वण’ म्हणावे. ‘वाढलेला’ म्हटले तर हद्द ओलांडल्याचे कळत नाही, ‘घट्टा’ तर घर्षणाने पडतो. सोनारानेच कान टोचले तरी ज्याची प्रकृती तशी त्याला हे होऊ शकते. आणि दवाखान्यात मात्र ‘केलॉइड’च सांगा. नुसता ‘वण’ म्हणालात तर कोणी म्हणेल, कापून टाका. आणि नुसता कापलेला केलॉइड पुष्कळदा पुन्हा उगवतो, कधी आधीपेक्षा मोठा होऊन.