ओढण्याआधी उकरा: बर्फात अडकलेल्यांना मदत करताना

गेल्या वेळी हिवाळी टायरांवर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती भलत्याच विषयावर. आपली गाडी नव्हे, दुसऱ्याची गाडी बर्फात अडकलेली दिसली तर काय करायचं? मला हा प्रश्न टायरांपेक्षा जास्त आवडला. मी मिशिगनमध्ये राहतो, गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यापायी दर हिवाळ्यात राज्याच्या उत्तर टोकाला, अपर पेनिन्सुलात जावं लागतं. तिथल्या किविनॉ भागात वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. तिथं बऱ्याच गाड्या उकरून काढल्या आहेत. त्यातल्या दोन माझ्याच होत्या.

प्रश्न: रात्री साडेनऊला इंटरस्टेट ८० वरून घरी येत होते, मागे दोन्ही मुलं झोपलेली. एक गाडी रस्ता सोडून चरात उतरलेली दिसली, आतला दिवा चालू होता. मी थांबले नाही. आठवडा झाला, ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. थांबायला हवं होतं का? (पार्सिपनी, न्यू जर्सी)

नाही. एक गाडी जिथं घसरते तिथंच दुसरी घसरते. वळण तेच, उतार तोच आणि डांबरासारखा काळा दिसणारा पातळ बर्फही तोच. चरात गेलेली गाडी निदान रस्त्याच्या बाहेर तरी असते. तिच्यासाठी कडेला थांबलेली तुमची गाडी मात्र मागून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी असती, तीही मुलांसकट.

पण फोन करायला हवा होता. केला नाहीत असं पत्रावरून वाटतं. ‘कुणीतरी केलाच असेल’ असं त्या रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येकाला वाटलेलं असतं. ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, तीन गोष्टी सांगायच्या: रस्ता, कोणत्या दिशेला जाणारी बाजू, आणि मैलाचा आकडा. हा आकडा कडेच्या छोट्या हिरव्या पाट्यांवर असतो. एरवी आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, बर्फात मात्र मदतीची गाडी त्यांच्याच भरवशावर निघते. आत माणूस दिसला का, दिवे चालू होते का, तेही सांगा. मग निश्चिंत मनानं घरी जा.

थांबायचं ते गावातल्या रस्त्यावर, उजेडात, वळणाच्या बरंच पुढं जाऊन आणि आपली गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन.

प्रश्न: वादळात आमच्या इमारतीसमोर एक गाडी दारापर्यंत बर्फात बुडालेली होती. इंजिन चालू, आत एक तरुण मुलगा डोळे मिटून बसलेला. काच ठोठवावी का, की उगाच चिडेल? शेवटी नवरा गेला, मुलगा ठीक होता. पण नियम काय? (बफलो, न्यूयॉर्क)

ठोठवा. चिडला तर चिडू दे. आणि त्याच्याही आधी गाडीच्या मागं जा. सायलेन्सरची नळी बर्फात गाडली गेली असेल तर ती हातानं, पायानं, मिळेल त्यानं मोकळी करा. फावडं आणायला घरी धावू नका.

नळी बुजली की धूर गाडीच्या खाली साठतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दमून झोपलाय बिचारा. पाकिस्तानात रावळपिंडीच्या वर मरी नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला आलेल्यांच्या गाड्या तिथं रात्रभर अडकल्या आणि किमान २२ माणसं दगावली. त्यातल्या अनेकांच्या मृत्यूमागं थंडीपेक्षा हाच वायू असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तुमच्या बफलो परिसरात डिसेंबर २०२२ च्या वादळात चाळीसहून अधिक लोक गेले, त्यातले काही गाडीत सापडले. हे मी तुम्हाला सांगायला नको.

आतला माणूस हलत नसेल तर दार उघडा, इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि ९११ लावा. बोलत असेल तर त्याला घरात बोलवा. ते जमण्यासारखं नसेल तर एवढं समजावून सांगा: तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, दर वेळी सुरू करण्याआधी नळी पाहायची, आणि ज्या बाजूला वारा नाही तिकडची काच बोटभर उघडी ठेवायची. समोर इमारत दिसत नसेल तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. पांढऱ्या वादळात माणूस वीस पावलांवर दिशा हरवतो.

अजून एक. कुडकुडणारा माणूस बरा. कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, बोलणं असंबद्ध झालं की प्रकरण गंभीर. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. ब्रँडी नको. हातपाय चोळूही नका, बर्फानं तर मुळीच नको.

प्रश्न: बर्फ काढणाऱ्या गाडीनं कडेला लोटलेल्या ढिगात शेजाऱ्याची कोरोला रुतली. आम्ही तिघांनी वीस मिनिटं ढकललं, तो ॲक्सिलरेटर दाबत होता. गाडी आणखीच खाली गेली. कुठं चुकलं? (मिसिसागा, कॅनडा)

ॲक्सिलरेटरवर चुकलं. माझे मामा कोल्हापूरकडे उसाची ट्रॉली चालवायचे. चिखलात चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ओरडायचे, “आरं, वाट काढतोस का हीर खंदतोस?” बर्फात तर विहिरीला वरून फरशीही बसते. फिरणाऱ्या चाकाच्या घर्षणानं बर्फाचं पाणी होतं, ते लगेच गोठतं, आणि टायरखाली तुळतुळीत खळगा तयार होतो. वीस मिनिटांत तुम्ही तिघांनी मिळून तो छान घोटलात!

पुढच्या वेळी चालकाला आधी खाली उतरवा आणि गुडघ्यावर बसून गाडीच्या खाली बघा. हे कुणी करत नाही. गाडीचं पोट बर्फावर टेकलेलं असेल तर वजन टायरांवर नसतंच, मग पहिलवान आणा नाहीतर ट्रॅक्टर, उपयोग नाही. पोटाखालचा बर्फ उकरून काढायचा, कंटाळवाणं काम आहे. मग चारही चाकांच्या पुढं-मागं चाकभर लांबीचा चर, त्याला हलका चढ. उभी भिंत ठेवलीत तर चाक तिथंच डोकं आपटत बसेल. स्टिअरिंग सरळ ठेवा, तिरकी चाकं स्वतःच बर्फ लोटत बसतात.

मग चाकाखाली पकड. आपल्याकडे गोणपाट नाहीतर पाचट टाकतात, इथं वाळू टाका किंवा मांजरांच्या शौचासाठी मिळणारी स्वस्तातली मातीची खडी, पण गोळा होणारी नको, तिचा चिखल होतो. मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही. पायाखालचं मॅट चालतं, मात्र चाक ते भिरकावून देतं, म्हणून त्या रेषेत कुणी उभं राहू नका.

आता ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं बटण असतं ते. ज्या यंत्रणेच्या चाचण्यांवर माझं घर चालतं ती बंद करायला सांगतोय, पण चाक जरा फिरलं की ती इंजिनची ताकद कापते आणि इथं ते थोडं फिरणं आपल्याला हवं असतं. मग गाडीला झोका द्यायचा. हलकेच पुढं, थांबेल तिथं ब्रेक, रिव्हर्स, हलकेच मागं, पुन्हा पुढं. पाळण्याला जसा टोकाशी हात लावतो तसं पुढं जाण्याच्या वेळीच ढकलायचं, रिव्हर्स पडला की मागच्यांनी बाजूला व्हायचं. गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबलेली असू द्या. चार-पाच मिनिटांत निघाली नाही तर पुन्हा फावडं घ्या, गिअरबॉक्स तापवू नका. आणि निघाली की हात हलवून निरोप घ्या. आभार मानायला चालकानं तिथंच थांबू नये. मी एकदा थांबलो होतो.

प्रश्न: नवीन पिकअप घेतलाय. मदत करायला हात शिवशिवतात. कोणता दोर घ्यावा? (कॅल्गरी, कॅनडा)

आधी फावडं घ्या. दोर दुसरा.

घ्यायचाच तर दोन प्रकार असतात. न ताणणारा पट्टा नुसता हळूहळू ओढण्यासाठी. ताणणारा नायलॉनचा पट्टा रुतलेली गाडी उपटण्यासाठी, तो रबरासारखा ताणून ऊर्जा साठवतो. त्याच ऊर्जेमुळे तो धोक्याचाही आहे. जिथं बांधलाय तो भाग तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. म्हणून ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवायचा नाही. गोळा तुटून माणसं मेलेली आहेत. बंपरला, ॲक्सलला, सस्पेन्शनलाही नाही. लहान गाड्यांच्या बंपरवर एक चौकोनी झाकण असतं, त्यात पिरगाळून बसवायचा लोखंडी हुक डिकीत स्टेपनीजवळ सापडतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, घट्ट बसेना म्हणून जोर लावण्याआधी दुसरीकडे फिरवून बघा. पट्ट्यावर मधोमध जाडसर जॅकेट टाका, सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा, आणि मुंगीच्या चालीनं ओढा.

हुक गाडीच्या मालकालाच लावायला सांगा. नंतर बंपर हातात आला तर तो कुणी लावला होता, हा प्रश्न निघतोच. गाडी उतारावर तिरकी असेल, कलंडली असेल किंवा हायवेवर असेल तर पट्टा बाहेर काढूच नका, दोर गुंडाळत ओढणारं यंत्र (विंच) असलेली टोइंगची गाडी येऊ द्या.

प्रश्न: डिसेंबरात पुण्याहून स्वतःच्या गाडीनं मनालीला निघालोय, अटल बोगद्यापर्यंत जायचा बेत आहे. तिथं कुणी अडकलं तर आम्ही काय करू शकतो? (पुणे)

खरं सांगू? अडकणारे तुम्हीच असण्याची शक्यता जास्त. ३ ऑक्टोबर २०२० ला हा नऊ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता बारमाही झाला, पण बर्फ बोगद्यात नसतो, त्याच्या अलीकडच्या धुंडी-सोलंगच्या रस्त्यावर असतो. डिसेंबर २०२४ अखेरीस सोलंग परिसरात एका दिवसात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. म्हणूनच बर्फ पडायला लागला की पोलीस फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढं सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

तिथली सर्वांत मोठी मदत म्हणजे रांग न मोडणं. पुढची गाडी अडली की आपल्या मंडळींचा हात आपोआप उजवीकडे वळतो, कात्रजच्या घाटात वळतो तसा. दोन रांगा झाल्या की समोरून येणाऱ्यांना जागा उरत नाही, आणि बर्फ सारणारं मशीनही मागंच अडकतं. मग फावडी घेऊन शंभर माणसं उतरली तरी काही होत नाही.

साखळ्या ओढणाऱ्या चाकांना लावायच्या. आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढच्या. घरीच, कोरड्यात, दोनदा लावून बघा, बोटं बधिर झाल्यावर सूचनापत्रक वाचता येत नाही. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरा. घसरणाऱ्या गाडीला अंग लावून अडवायला जाऊ नका आणि दरीच्या बाजूनं उभे राहू नका. चाकामागं दगड लावायचा तो बाजूनं हात घालून. रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून बसू शकतो, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. डिझेल गाडी असेल आणि पुढं केलाँगकडे जाणार असाल तर मैदानात भरलेलं डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखं दाट होऊ शकतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलं ते उगाच नाही. आणि स्थानिक ड्रायव्हर काच खाली करून “ब्रेक मत मारो” म्हणाला तर ऐका. मदतीसाठी ११२.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी अडकली तर आतली माणसं गारठतात का? (सिएटल)

उलट बरी असतात. धूर नाही, त्यामुळे नळीची भानगड नाही. निम्मी भरलेली मोठी बॅटरी नुसत्या हीटरवर सहज रात्र काढते. सीट तापवण्याचं बटण असेल तर हीटर कमी करून ते वापरायला सांगा. ओढताना मात्र जपा: चाकं जमिनीवर ठेवून लांबवर ओढली तर मोटरचं नुकसान होऊ शकतं. ढिगातून दोन-चार फूट बाहेर काढणं वेगळं, तेही गाडीचं पुस्तक पाहून.

प्रश्न: बाबा साताऱ्याहून आलेत, वय ६८, बीपीची गोळी चालू. शेजाऱ्यांची गाडी अडकली की फावडं घेऊन तेच पुढं! (ॲन आर्बर, मिशिगन)

फावडं काढून घ्या. ओला बर्फ दगडासारखा जड असतो, थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, आणि बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येणं इथल्या डॉक्टरांना दर हिवाळ्यात बघावं लागतं. बाबांच्या हाती टॉर्च आणि सूत्रसंचालन द्या. सातारकर आहेत, नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: आमची गाडी काढून देणाऱ्या आजोबांनी पैसे घेतले नाहीत. काय द्यावं? (डे मॉइन, आयोवा)

पैसे पुन्हा पुढं करू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. घर माहीत असेल तर काहीतरी खायचं नेऊन द्या. माझ्या पहिल्या हिवाळ्यात असाच एक शेतकरी वीस डॉलरची नोट परत करून गेला, म्हणून बायकोनं डबाभर शंकरपाळे नेऊन दिले. डबा आठवड्यानं परत आला. त्यात वाळू भरलेली होती आणि झाकणावर टेपनं चिकटवलेली चिठ्ठी: डिकीत ठेवा.