मलेरिया कोणता, त्यावर धोका कोणता

प्रश्न : फॅल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियात ताप उतरल्यावर रुग्ण बरळू लागला, तर तो अशक्तपणा समजावा का?

उत्तर : अजिबात नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठावं. हा परजीवी ज्या लाल पेशीत वाढतो, तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात आणि ती पेशी केशवाहिनीच्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिनीच्या, आतल्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूतला रक्तपुरवठा असा तुंबला की बरळणं, झटके, बेशुद्धी सुरू होते. चिकटलेल्या पेशी बोटातून काढलेल्या रक्तात येत नाहीत, त्यामुळे 'परजीवी कमी आहेत' एवढ्या शेऱ्यावर निर्धास्त राहू नये.

बरळणाऱ्या रुग्णाची साखर सर्वांत आधी तपासावी. ती दर डेसिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, तर ग्लुकोज लगेच द्यावं लागतं. मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यात साखर झपाट्याने घसरते. क्विनीन हे मलेरियाचं औषध चालू असेल तर आणखीच, कारण त्याने इन्सुलिन जास्त स्रवतं. मुख्य औषध म्हणजे शिरेतून आर्टेसुनेट : वजनाच्या दर किलोमागे २.४ मिलिग्रॅम, २० किलोच्या आतल्या मुलांना ३ मिलिग्रॅम. पहिल्या डोसनंतर १२ आणि २४ तासांनी पुन्हा, मग रोज एकदा. गोळ्या घेता येऊ लागल्या तरी निदान २४ तास इंजेक्शनच द्यायचं आणि नंतर गोळ्यांचा ३ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा. सलाइन हात राखून द्यावं, नाहीतर फुप्फुसात पाणी साचतं. मेंदूच्या मलेरियात स्टिरॉइडने अपायच होतो.

प्रश्न : व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीच्या मलेरियाला 'साधा' म्हणतात. मग प्लेटलेट्स ४० हजारांपर्यंत का घसरल्या? आणि दोन महिन्यांनी ताप उलटला, म्हणजे औषध फुकट गेलं का?

उत्तर : 'साधा' हा शब्द आम्हाला मुळीच पटत नाही. व्हायव्हॅक्सनेही धाप लागते, रक्त कमी होतं, क्वचित सुजलेली प्लीहा फुटते. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येऊन ती डाव्या खांद्यात गेली, तर थांबू नये. प्लेटलेट्स मात्र उपचार लागू पडला की बहुधा आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा पाहून त्या भरू नयेत.

ताप उलटतो तो बहुधा यकृतात निद्रिस्त राहिलेल्या परजीवींमुळे. क्लोरोक्विन हे औषध रक्तातले परजीवी मारतं, पण या निद्रिस्त परजीवींवर चालत नाही, त्यासाठी प्रायमाक्विन लागतं. नेहमीचा कोर्स १४ दिवसांचा. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून लोक गोळ्या सोडतात आणि तिथेच घोळ होतो. आधी जी-सिक्स-पीडी तपासणी करावी. हे एन्झाइम कमी असेल तर प्रायमाक्विनने लाल पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. तशी दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत.

प्रश्न : बाकीचे प्रकार निरुपद्रवी असतात का?

उत्तर : ओव्हेल व्हायव्हॅक्ससारखाच उलटतो. मलेरिई वर्षानुवर्षं रेंगाळून मुलांच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतो. चेहरा सुजला, लघवीला फेस आला तर प्रथिनं तपासावीत. आग्नेय आशियातला नोलेसी काचपट्टीवर मलेरिईसारखा दिसतो, पण दर २४ तासांनी वाढतो. त्याला मलेरिई समजलं तर उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात.

प्रश्न : आर्टेसुनेट घेऊन घरी आल्यावर पंधरवड्याने अंग पांढरं पडलं. मलेरिया परतला?

उत्तर : बहुधा नाही, तरी रक्त तपासावंच. परजीवी काढून टाकलेल्या लाल पेशी अल्पायुषी असतात आणि मागाहून फुटतात. म्हणून ७व्या, १४व्या आणि २८व्या दिवशी हिमोग्लोबिन पाहावं.