बाल्कनीत ग्रिल: कोळशाचा की इलेक्ट्रिक?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो, तिसरा मजला, बाल्कनी छोटी. पोरांना घरीच पनीर टिक्का, कणसं पाहिजेत. बजेट तीन हजारापर्यंत. कोळशाची शेगडी घेऊ की इलेक्ट्रिक ग्रिल?

उत्तर: ताई, इलेक्ट्रिकच घ्या. कोळशाची स्वस्त पडते खरं, पण धूर सरळ वरच्यांच्या घरात जातो, ठिणगी उडून कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू शकते, आणि पाऊस आला म्हणून पेटती शेगडी आत आणली तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. विझल्यासारखे दिसणारे निखारेही आत ठेवू नका, प्लीज.

घेताना आधी वॅट बघा. 1500 ते 2000 वॅटचा असेल तर साधारण साडेसहा ते पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो, म्हणजे 16 अँपिअरचा मोठा सॉकेटच लागतो, मोबाईल चार्जिंगच्या 6 अँपिअरवाल्यावर किंवा साध्या एक्स्टेंशनवर अजिबात लावू नका, वायर तापते. 2000 वॅटचा तासभर सलग चालला तर फारतर 2 युनिट, त्यामुळे बिलाचं टेन्शन नको. तेलाचा ट्रे निघणारा हवा, नाहीतर धुताना वैताग येतो.

हुरड्याला शेतातल्या आगटीत येते ती चव यात येणार नाही. टिक्क्याला धुरकट वास हवाच असेल तर खिडकी उघडी ठेवून वाटीत एक छोटा निखारा, त्यावर तूप, दोन मिनिटं झाकण. वांग्याच्या भरतासाठी मात्र गॅसच बरा.