मैद्याचा एक कप म्हणजे किती ग्रॅम?

प्रश्न : केकच्या कृतीत ‘२ कप मैदा’ असतं. माझा कप २५० मिलिलिटरचा आहे, म्हणून मी ५०० ग्रॅम मैदा घेते. केक घट्ट आणि कोरडा होतो. कुठे चुकतं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : २५० ग्रॅम हे त्या कपात मावणाऱ्या पाण्याचं वजन झालं. मैदा हलका, त्याच्या कणांमध्ये हवा असते. तोच कप मैद्याने भरला तर साधारण १२५ ग्रॅम भरतो. म्हणजे २ कपांना २५० ग्रॅम हवा होता आणि तुम्ही दुप्पट घालताय. अंडी, दूध, लोणी तेवढंच राहिलं, मग केक घट्ट होणारच.

पण १२५ हा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. डब्यात कप खुपसून, कडेला दाबून मैदा काढला की तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो. २ कपांत ५० ग्रॅम जास्त, म्हणजे पाचवा हिस्सा! वर भेगा पडतात, दुसऱ्या दिवशी सुरी लावली की केकचा चुरा होतो आणि दोष मात्र ओव्हनला दिला जातो.

आधी डब्यातला मैदा चमच्याने हलवून मोकळा करा. मग चमच्याचमच्याने कपात टाका, वर शीग येऊ द्या आणि सुरीच्या सरळ पाठीने ती काठाबरोबर उतरवा. धान्याचं माप आपटून भरायची आपल्याकडे सवय असते, ती इथे कटाक्षाने टाळा. कप एकदा जरी ओट्यावर आपटला तरी मैदा खाली बसतो आणि वर आणखी दोन चमचे सहज मावतात.

कपाचं मापही तपासा. रिकामा कप वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. २४० ग्रॅमच्या आसपास आलं तर कप २४० मिलिलिटरचा. त्यात मैदा १२० ग्रॅम धरा. चहाच्या कपाने किंवा आमटीच्या वाटीने मोजत असाल तर सगळं प्रमाण बिघडतं, कारण वाटी लहान झाली तरी अंडी आणि बेकिंग पावडरचा चमचा लहान होत नाही. वर सांगितलं तसा मैदा तीनदा भरून वजन करा, सरासरी काढा आणि तो आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

कृतीतली शब्दरचनाही नीट वाचा. ‘१ कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मोजायचा, मग चाळायचा. ‘१ कप चाळलेला मैदा’ असेल तर आधी चाळायचा. तेव्हा कपात मैदा थोडा कमी मावतो.

बाकी जिन्नस, २४० मिलिलिटरच्या कपाला : साखर २०० ग्रॅम, पिठीसाखर १२०, लोणी २२५, तेल २१५ ते २२०, कणीक १२० ते १३०. कणकेचा आकडा दळणावर बदलतो, म्हणून आपल्या गिरणीच्या पिठाचं वजन घरीच करावं.

प्रश्न : नानकटाईत मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ कपाला कप घेतलं तर चालेल का? – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : कपाला कप नको, ग्रॅमला ग्रॅम घ्या. भाकरीचं पीठ जरा जाडसर असतं. ते मैद्याच्या बारीक चाळणीने चाळून मगच वजन करा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, पण नानकटाईला चिवटपणा नकोच असतो, त्यामुळे निम्मा मैदा काढून तिथे ज्वारी चालते. २०० ग्रॅम मैद्याच्या जागी १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम ज्वारी. त्याहून जास्त ज्वारी घातली तर नानकटाई हातात घेताच तुटते. तूपही वजनानेच घ्या. फेटलेल्या तुपात हवा शिरते आणि कप भरलेला दिसला तरी तूप कमी असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तूप पातळ झालेलं असतं. वजन करून ते फ्रीजमध्ये थोडं आळू द्या, नाहीतर नानकटाई ट्रेमध्ये पसरते.

प्रश्न : घरी कोणता वजनकाटा घ्यावा?

उत्तर : १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोचा डिजिटल काटा पुरतो. तो सपाट, टणक ओट्यावर ठेवा आणि वजन करताना पंखा बंद करा; वाऱ्याने आकडा हलतो. काटा तपासायचा असेल तर दहा रुपयांची १० नाणी ठेवा, वजन ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सोडा, मीठ, बेकिंग पावडर यांच्या २-३ ग्रॅमसाठी मात्र अशा काट्यावर विसंबू नका. तिथे सपाट भरलेला मापाचा चमचाच बरा.